हौदातलं पाणी

उपचार केंद्रातल्या व्यायामाच्या छोट्या हौदात विज्ञानाच्या बाई नेहमी सगळ्यांच्या शेवटी उतरत. त्या आत शिरल्या की पाणी थेट काठापर्यंत चढायचं आणि बाकीच्या बायका ओरडायच्या, "सरका गं, पूर आला!" बाई हसण्यावारी न्यायच्या. जमिनीवर त्यांचे गुडघे चार पावलांत बोंब मारत, मांड्या एकमेकींना घासून सोलवटत. व्यायाम जमायचा तो पाण्यातच, आणि तोही दात आवळून. तो सुटला तर पुढचे दिवस खुर्चीत काढायचे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आज बाकीच्या निघून गेल्या तरी बाई नेटाने पाय उचलत राहिल्या. आणि मधेच गुडघ्यांतली कळ गेली. अंगावरची ओली चादर कोणीतरी हळूच ओढून घ्यावी, तशी गेली. कठड्याला हातही न लावता बाई शिडी चढून भराभर वर आल्या, हरखून मागे वळल्या आणि थबकल्या. हौदात कोणीच नव्हतं, पाणी मात्र त्या आत असताना होतं तेवढंच वर होतं.

"अहो ताई, मी बाहेर आले, तरी पाणी खाली कसं गेलं नाही?"

व्यायाम घेणाऱ्या ताईंनी टॉवेल पुढे करत बाईंच्या खांद्यावरून पाण्यात पाहिलं.

"जाईल हो. आधी विज्ञानाच्या बाईंना वर येऊ द्या. गुडघे धरून शिडीपाशीच थांबल्या आहेत बिचाऱ्या."