मनिऑर्डरची चिठ्ठी
मुलांनो, कल्पना करा: लातूरजवळ मुरुडकडच्या विहिरी आटल्यात आणि तुमचे अप्पा कामासाठी पुण्याला गेलेत. त्या दुष्काळात रुद्राणीचे अप्पाही असेच गेले होते. दर महिन्याला त्यांची मनिऑर्डर यायची. पैसे तिची आई, अव्वा, ठेवायची, निरोपाची चिठ्ठी रुद्राणी. पण अप्पांना लिहिता येत नव्हतं. अक्षर पोस्टातल्या कारकुनाचं आणि निरोप कायम ‘सर्व खुशाल’ एवढाच. त्यात तिला अप्पा कुठंच सापडायचे नाहीत. लातूर नवा जिल्हा झाला, त्या महिन्यात मात्र वाकडीतिकडी अक्षरं आली. पोस्टमन हसला, “वहिनी, मालक शाळेत जायलेत वाटतं! पत्त्यात नवा जिल्हा बराबर लिवला, पर पोरीचं नावच चुकलं की!” चिठ्ठीवर एकच शब्द होता: ‘रुदरानी’. रुद्राणीनं तो मोठ्यानं वाचला. अप्पांची हाक अगदी अशीच असायची. तिनं वहीवरचं आपलं नाव खोडलं आणि शेजारी लिहिलं: रुदरानी.