न बघितलेली पत्रिका

"आई, या जाहिराती कधीपासून येतायत?" स्क्रीनवर उगवलेली चौथी जाहिरात बंद करत ऋजुताने विचारलं.

"मला काय ठाऊक गं. राहू दे, दुकानवाला बघेल." सुनेने घरच्या कॉम्प्युटरला हात लावल्यापासून शरयूताईंनी तिला तीनदा चहा विचारला होता.

ऋजुताने सगळे प्रोग्राम तारखेनुसार लावले. तिच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी एकच डाउनलोड केलेला होता: मोफत गुणमेलन. जाहिरातींची घाण त्याच्याबरोबरच आली होती.

'आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत' हे या बाईंनी लग्नाच्या बैठकीत दोनदा ऐकवलं होतं, आणि त्याबद्दल कौतुकही करून घेतलं होतं.

"किती गुण जुळले?"

शरयूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नऊ. खाली लाल अक्षरांत होतं, लग्नानंतर वर्षाच्या आत मुलाच्या जिवाला धोका. मी कुणाला बोलले नाही. तू आवडली होतीस. वर्ष व्हायला अजून चार महिने आहेत गं."

"फुकटातलं भविष्य ते, आई. उपाय वाचायला पैसे मागितले असतील." ऋजुता हसली. तिने तो प्रोग्राम काढून टाकला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. एकही जाहिरात आली नाही.

इतक्यात खाली ऋजुताच्या नवऱ्याची स्कूटर सुरू झाली. शरयूताई रोजच्यासारख्या गॅलरीत धावल्या आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिल्या. मागे वळल्या, तर आज पहिल्यांदाच ऋजुताही येऊन उभी होती.

"हेल्मेट घातलंय ना त्याने?" तिने विचारलं.