सॅलड लव्हॉनकडे

चर्चच्या तळघरात मयताचं जेवण मांडून झालं आणि आर्डिसच्या लक्षात आलं, बटाट्याचं सॅलड आलेलंच नाही. हॅम होतं, पाव होते, लाल जेली थरथरत होती. सॅलडची जागा तेवढी रिकामी. दफन उरकून आलेली माणसं जिना उतरायलाही लागली होती.

"लव्हॉनने कबूल केलं होतं!" ती सोबत टेबल मांडणाऱ्या मर्नावर उखडली.

मिनेसोटातल्या त्या गावात कुणीही गेलं, तरी सॅलड लव्हॉनकडे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. टायपिंगचा मात्र तिला भारी कंटाळा. म्हणून तिच्या मेलमधला एआय मदतनीसच तिच्या वतीने उत्तरं द्यायचा, अगदी तिच्या ढंगात.

"हे बघ," आर्डिसने फोन पुढे केला. "जेवणासाठी सगळ्याजणींना मेल टाकला आणि पहिलं उत्तर हिचं. 'आणते की! अरेरे, कोण गं गेलं?'"

"अगं आर्डिस, पण..."

"थांब, आत्ताच्या आत्ता विचारते तिला."

तिने तणतणत मेल टाकला. उत्तर लगेच आलं: 'अगं, मला जरा उशीर होतोय. माझ्यासाठी थांबू नका, तुम्ही आपलं सुरू करा.'

"बघितलंस? आता सांगतेय!"

मर्नाने तिचा हात धरला. "आर्डिस, आत्ता आपण कोणाला पुरून आलो?"

"लव्हॉनला. मग?" आर्डिसने जेलीचं भांडं रिकाम्या जागेवर सरकवलं. "जमणार नव्हतं, तर हो कशाला म्हणायचं माणसाने?"