ओला टॉवेल

काडतुसातली दारू तापली की गोळी नेमाच्या वर जाते, हे मला नवऱ्यानेच, क्लेटनने, शिकवलं. तो आणि मी गॅरेजमध्ये शेजारी बसून काडतुसं भरायचो, आणि वायोमिंगच्या उन्हात नेमबाजीच्या स्पर्धेला दोघांच्या डब्यांवर एकच ओला टॉवेल टाकायचो. यंदा शेवटच्या फेरीआधी मी पहिल्यांदाच त्याच्या पुढे होते. मधल्या वेळात इतरांची टार्गेटं वरखाली करायला खंदकात उतरायची आमची पाळी आली. "गुडघा धरलाय गं. तू जा, डबे मी बघतो," तो म्हणाला. मी परतले तेव्हा टॉवेल जागेवर होता, नुकताच भिजवलेला. खालून माझ्या डब्यातलं पहिलं काडतूस उचललं आणि बोटांना चटका बसला. त्याच्या डब्यात बोट घालून पाहिलं, त्याची काडतुसं मात्र गार होती. "काय झालं?" नेम धरायला शेजारी आडवा होत त्याने विचारलं. "काही नाही," म्हणत मी बंदुकीच्या दुर्बिणीचा नेम खाली घेतला. तेही त्यानेच शिकवलं होतं.