आलोची रांग, आलेची रांग

“आलो किंवा आले. तिसरं काही नाही.” कारखान्याच्या दारासमोर टेबल टाकून बसलेल्या साहेबांनी शिंगरूचा अर्ज परत सरकवला. सकाळपासून ही तिसरी खेप.

सोबत आलेल्या आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि का होऊ नये? पोर दिवसभर उधळत असतं म्हणून घरात सगळे त्याला शिंगरू म्हणत. आपण मुलगा नाही आणि मुलगीही नाही, हे त्याने कधीच सांगून टाकलं होतं, आणि घरच्यांच्या ते पचनीही पडलं होतं. जुन्या डब्यांच्या पत्र्याची पाखरं करून ते खरीखुरी उडवायचं. अडचण एकच, उडालेलं पाखरू परत येत नसे. पाच गेली होती. पाखरांना परत यायला कसं लावायचं, ते फक्त या कारखान्यात शिकवत. बारा वर्षं पूर्ण झाली की प्रवेश बंद, आणि शिंगरूची उद्या होत होती.

कारखान्याच्या दाराला ऐकू यायचं. त्याच्यापुढे स्वतःबद्दल खरं बोललं की कडी आपोआप सरके. खोटं बोललं की जागची हलत नसे. डावीकडे ‘मी आलो’ म्हणणाऱ्यांची रांग, उजवीकडे ‘मी आले’ म्हणणाऱ्यांची. शिंगरूने दोन्ही म्हणून पाहिलं होतं. कडी ढिम्म.

“मग मी ‘आलं’ म्हणू का?”

“आलं बाजारात मिळतं,” साहेब म्हणाले. रांगेतले आईबाप खिदळले. लेकराला हसताना लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

नियम दाराचा की तुमचा, असं आत्याने विचारलं. साहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी त्यांच्याच अक्षरातली होती.

“आम्ही तेवीस वर्षं या दारासमोर बसतो,” ते म्हणाले. “आम्हाला शिकवू नका.”

आम्ही! माणूस एकटा, आणि बोलणं सदा आम्ही. आम्ही आलो, आम्ही जेवलो, आम्ही बघू. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच. डबासुद्धा पायरीवर बसून खायचे, पाऊस असला तर छत्री धरून. पाणी आतली पोरं आणून देत. आत पाऊल टाकणं साहेबांना कमीपणाचं वाटतं, असं लोक म्हणत.

“तुम्ही स्वतः कधी आत गेलात?” शिंगरूने विचारलं.

साहेबांनी वही मिटली.

शिंगरू टेबलाखालून घुसलं. साहेबांनी बाही धरली, ती हिसडून ते दाराला तोंड लावून म्हणालं, “मी आलं.”

कडी सरकली. शिंगरू आत पळालं, मागे वळून न बघता.

आता कोणी खिदळलं नाही. आत्याने पाटी भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर आपटली.

“अशी किती लेकरं परत पाठवलीत हो?”

“मोजली नाहीत,” साहेब म्हणाले.

संध्याकाळी रांगा पांगल्या. साहेबांनी टेबल पुसलं, पाटी उलटी घालून ठेवली, रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं. मग दारापाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ ओठ नुसतेच हलत होते.

“मी आले.”

कडी सरकली, आणि त्या आत गेल्या.