अकराची नोंद

प्राचार्यांनी सभागृहाचा पाचवा फोटो पडद्यावर आणला, तेव्हा व्हिडिओ कॉलवर पलीकडच्या चष्मेवाल्या विद्यार्थ्याने उघड उघड जांभई दिली. तिकडे आत्ता कुठं उजाडत होतं. डोक्यावर लोकरीची टोपी, डोळ्यांवर झोप. त्याच्या शेजारी त्यांच्या विद्यापीठाचे विभागप्रमुख हातातला कप उगाच फिरवत बसले होते.

भूगोलाच्या बाईंनी ती जांभई पाहिली. करार साधा होता: इथला एक विद्यार्थी सहा महिने तिकडे, तिकडचा एक इकडे. पण तीन वर्षांत तिकडून कुणी फिरकलं नव्हतं. यंदाही कुणी आलं नाही तर करार बंद, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. विचार करतो म्हणणारा हा एकटाच चष्मेवाला उरला होता. त्याने नाही म्हटलं की बाईंच्या शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीचं जाणंही रद्द. पोरीने दोन वर्षं पहाटे उठून त्यांची भाषा घोटली होती.

"आणि हे व्यासपीठ," प्राचार्य उत्साहाने म्हणाले. सहावा फोटो आला.

अकराला तीन मिनिटं कमी असताना दार किलकिलं झालं आणि शिपाईमामांनी डोकं आत घातलं.

"बाई, वेळ झाली. टेप घेऊन आलोय."

प्राचार्यांनी डोळे वटारले. "मामा, मीटिंग चालू आहे. आज राहू द्या."

"राहू कसं द्यायचं, साहेब? चौतीस वर्षांत राहिलं नाही ते!"

कॉलेजच्या मागे विहीर होती. रोज अकराला तिच्यात टेप सोडायची आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं, एवढंच काम. बाईंच्या आधीच्या सरांनी ते सुरू केलं, बाईंनी पुढे चालवलं. या कॉलेजात परीक्षा पुढे जायच्या, निकाल पुढे जायचे, रंगकाम तर आठ वर्षं पुढेच चाललं होतं. अकराची नोंद मात्र कधी पुढे गेली नाही.

बाई उठल्या.

"अहो बाई, आत्ता नको," प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले. "हातात आलेलं जाईल."

"सर, हातात अजून आलंय कुठं?" बाईंनी वायर काढली, लॅपटॉप उघडाच उचलला. "चल गं."

पलीकडच्या दोघांना आधी जिन्याचं छत दिसलं, मग बाईंची हनुवटी, मग सायकलींची चाकं. मागून प्राचार्य, "माफ करा, थोडी तांत्रिक अडचण," असं त्यांच्या भाषेत म्हणत धावत होते.

विहिरीपाशी बाईंनी लॅपटॉप मामांच्या हातात दिला. "नीट धरा. हिचे हात दिसले पाहिजेत."

विद्यार्थिनी कठड्यावरून वाकली. टेप सरसर खाली गेली. वजन पाण्याला टेकलं तसा बारीक आवाज आला. कठड्यावरच्या खुणेशी तिने टेप चिमटीत धरली आणि आकडा त्यांच्याच भाषेत सांगितला.

"सहा मीटर अठ्ठ्याऐंशी. वजा नऊ. म्हणजे सहा एकोणऐंशी."

विभागप्रमुखांचा कप थांबला. "वजा नऊ कशाबद्दल?"

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. टेपचा पहिला नऊ सेंटिमीटरचा तुकडा तुटलेला होता, वजन नऊच्या खुणेला बांधलेलं होतं. ती टेप फेकून द्या, असं त्यांनी बाईंना कितीदा बजावलं होतं.

बाई त्यांची भाषा अडखळत बोलायच्या. आजही अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. "अकरा वर्षांपूर्वी टोक तुटलं. एकोणीस दिवस आमच्या लक्षातच आलं नाही. ते एकोणीस चुकीचे आकडे वहीत तसेच आहेत. शेजारी चूक लिहिली आहे आणि खाली माझी सही आहे."

"मग नवी टेप का नाही घेतली?" हे चष्मेवाल्याने विचारलं. मीटिंगमधले त्याचे हे पहिले शब्द.

"ही हातात असली की पोरं आकडा दोनदा बघतात."

त्याने टोपी काढली. खुर्ची पुढे ओढली. "रविवारी कोण मोजतं?"

"मी, नाहीतर हे मामा. सुट्टीत ही."

"आणि ती इकडे आली की?"

विद्यार्थिनीने मान खाली घातली. टेप मात्र तिने सोडली नव्हती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग सरळ कॅमेऱ्याकडे वळल्या.

"मग एक माणूस कमी पडेल. हे बघ, सभागृहाचे सहा फोटो तू पाहिलेस, त्यातला एकही पंखा फिरत नाही." प्राचार्य खोकले. बाईंनी तिकडे काणाडोळा केला. "तुला दाखवायला आमच्याकडे दुसरं काही नाही. हे काम आहे. यायचं तर यासाठी ये. नसेल यायचं तर आत्ताच सांग, म्हणजे मी दुसऱ्या कुणाला गाठते. हिला मी पाठवणार आहे."

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. आम्ही कळवू, असं काहीतरी ते म्हणणार होते.

चष्मेवाला पडद्याला जवळजवळ नाक लावून कठड्याखालच्या ओल्या फरशीकडे पाहत होता.

"ते हिरवं शेवाळ आहे ना?" तो म्हणाला. "मग बूट कसले आणू?"