घशातली गाळणी

पूर्वरंग संपला. देवळाचे यजमान भिकाजीपंतांनी कीर्तनकार मंदाकिनीबाईंना हार घातला, बुक्का लावला आणि समुद्राच्या पाण्याने भरलेला पेला पुढे केला.

विहिरी खारट झाल्यापासून अख्खं गाव समुद्रच पीत होतं. प्रत्येकाच्या घशात बसवलेली गाळणी मीठ अडवायची. ती सूरही अडवायची, म्हणून बाईंनी आजच्या कीर्तनासाठी ती गुपचूप काढली होती. काढणं गुन्हा होता, आणि पाणीसमितीचे प्रमुख भिकाजीपंतच होते.

"घ्या, बाई. आख्यान अजून व्हायचंय."

पेटीवाले दामूअण्णा पुटपुटले, "तरी सांगत होतो. आता व्हा अगस्ती."

सगळी सभा बघत होती. बाईंनी पेला ओठांना लावला. पहिल्याच थेंबाला ठसका लागला.

भिकाजीपंत वाकून हळूच म्हणाले, "आवाज गाळलेला वाटत नव्हता, तेव्हाच ओळखलं मी."

बाईंनी डोळे मिटले.

पंतांनी पेला काढून घेतला आणि मागे वळून हाक मारली, "सूनबाई, देवापुढचं शहाळं फोडून आणा." मग बाईंकडे बघून म्हणाले, "हाही समुद्रच, फक्त माडाने गाळलेला. प्या, आणि उभ्या राहा उत्तररंगाला."